कंसातला अल्बम : सिगूर रोसचा ( ) तुम्ही कसा ऐकता?

पागोळी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी कपाट आवरताना ती सीडी हाताला लागली. पांढरं आवरण, त्याला दोन कंसांच्या आकाराची छिद्रं, आणि त्या छिद्रांतून आतल्या चित्राचा दिसेल तेवढाच तुकडा. आत एक पुस्तिकाही आहे. तिच्यात अक्षर म्हणून नाही. ना गाण्यांची नावं, ना वादकांची, ना कोणाचे आभार. पानं कोरी आहेत, कारण ती ऐकणाऱ्याने भरायची आहेत.

सिगूर रोस हा आइसलंडचा बँड. १९९४ साली रेक्याविकमध्ये सुरू झाला. गायक योन्सीच्या बहिणीचा जन्म त्याच सुमाराचा, तिच्या नावावरून बँडचं नाव पडलं. आपल्याकडे बहुतेकांना ते १९९९च्या ‘औगायतिस बिर्युन’ या अल्बममुळे कळले. त्यानंतर २८ ऑक्टोबर २००२ला हा अल्बम आला. नाव नाहीच, फक्त दोन कंस. आठ गाणी, त्यांनाही नावं नाहीत. एकूण साधारण ७२ मिनिटं. आणि सगळं गाणं अशा अक्षरांत, ज्यांना आइसलंडिकमध्येही अर्थ नाही. त्या बोलीला ते ‘वॉनलेन्स्का’ म्हणतात. ‘वॉन’ म्हणजे आशा. बोली म्हणायची एवढंच, तिला व्याकरण नाही की शब्दकोश नाही. एक छोटासा अक्षरसमूह आठही गाण्यांत फिरत राहतो.

माझ्याकडे ही सीडी डिसेंबर २००३मध्ये आली. मावसभाऊ ग्लासगोला शिकायला होता. सुट्टीत सांगलीला आला तेव्हा त्याने हातात ठेवली आणि म्हणाला, “ही पानं तुझी आहेत.” घरात बाबांचा मोठा डेक होता, एरवी त्यावर फक्त शास्त्रीय वाजायचं. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते, मी जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. चौथं गाणं संपलं आणि आवाज बंद झाला. मी उठले, बटणं बघितली, सीडी बाहेर काढून ओढणीने पुसायच्या बेतात होते. बाबा पेपरामागून म्हणाले, “थांब जरा. तंबोरा जुळवत असेल.” आणि खरंच, थोड्या वेळाने पाचवं गाणं सुरू झालं. ती शांतता ३६ सेकंदांची आहे आणि मुद्दाम ठेवलेली आहे हे मला कितीतरी नंतर कळलं. अल्बमचे दोन भाग आहेत. पहिली चार गाणी उजेडाची, पुढची चार अंधाराची, आणि मध्ये हा उंबरठा.

पाचव्या गाण्यात बाबांनी विचारलं, “भाषा कुठली ही?” म्हटलं, कुठलीच नाही. “म्हणजे नोमतोमच की,” म्हणाले (ध्रुपदाच्या आलापीतली बिनअर्थाची अक्षरं) आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला. शेवटपर्यंत मग ते काही बोलले नाहीत.

मला या अल्बमबद्दल जे वाटतं ते स्पष्टच लिहिते. माझ्या कानांनी ऐकलेली ही सगळ्यात मोकळी जागा आहे. शब्द असलेल्या गाण्यात मी पाहुणी असते. कोणाचा तरी प्रियकर, कोणाचं तरी शहर, कोणाचा तरी पाऊस. इथे तसं कोणी घरात नाही. बारावीच्या अभ्यासात ऐकलं तेव्हा हा अल्बम परीक्षेचा होता, बाबा गेले त्या वर्षी तो बाबांचा झाला. अक्षरं तीच, आवाज तोच.

तिसऱ्या गाण्यात पियानोची एकच ओळ फिरत राहते, शेवटाकडे ती वरच्या सप्तकात चढते. काहीही ‘घडत’ नाही, तरी दर वेळी त्या जागेला मी हातातलं काम थांबवते. आठव्याबद्दल लिहायचं तर वेगळा धागा काढावा लागेल.

पुस्तिका मात्र अजून कोरीच आहे. इतक्या वर्षांत एकदाही हिंमत झाली नाही. तर मंडळी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही हा अल्बम ऐकला असेल तर तुम्हाला तो काय वाटला? आणि कोणाकडे मूळ सीडी असेल, तर तुम्ही पानांवर काही लिहिलंत का?

---

जुनीटेप

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

माझी ओळख २००४ची, मित्राने जाळून दिलेल्या एमपीथ्री सीडीवरून. त्यात फाइलींना ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ अशी नावं होती. मला वाटायचं कॉपी करणाऱ्याने आळस केला. पुढे कळलं की नावं खरोखरच नाहीत.

पण बँडने आपल्या सोयीसाठी टोपणनावं ठेवलेली आहेत आणि मैफलींच्या यादीत तीच असतात. सातवं ते ‘दॉयदालायिद’, म्हणजे मृत्यूचं गाणं. आठवं ‘पॉप्लायिद’, म्हणजे पॉप गाणं. पावणेबारा मिनिटांचं पॉप गाणं! मैफलीचा शेवट बहुधा त्यानेच करतात.

---

कोरडवाहू

मी विरोधी बाकावर बसतो, राग नसावा.

चार वेळा पूर्ण ऐकला आहे, म्हणजे ऐकायचं टाळलं असं कोणी म्हणू नये. पहिली चार गाणी मलाही आवडतात, चौथं तर फारच. पण उत्तरार्ध? सातवं गाणं तेरा मिनिटांचं आहे. मी शेतीच्या कामासाठी रोज मोटारसायकलवर तासभर असतो, तेवढ्यात जगातलं बरंच काही ऐकून होतं. सातवं गाणं मात्र संपतच नाही. एकाच ढगाखाली किती वेळ उभं राहायचं?

माझा मुख्य आक्षेप लांबीचा नाही. ‘औगायतिस बिर्युन’मध्ये बहुतेक गाणी आइसलंडिकमध्ये आहेत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण ऐकू येतं की गळा शब्दाला धरून वळतोय. शब्दाला हाडं असतात, त्यांच्यावर आवाज ताणला जातो. ( )मध्ये ती हाडं काढून टाकली आहेत. अर्थ तुम्हीच भरा, नाव तुम्हीच द्या, पुस्तिका तुम्हीच लिहा. मग कवीने करायचं काय? पागोळीताई, तुम्ही जिला मोकळी जागा म्हणता, ती मला अर्ध्यावर सोडलेल्या बांधकामासारखी वाटते.

---

तिय्या

@कोरडवाहू, हाडांचा मुद्दा पटला, पण हाडं तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. या अल्बमात ती तालात आहेत.

मी तबला वाजवतो, रॉक ड्रमिंग माझा प्रांत नाही. तरी आठवं गाणं मी वही घेऊन ऐकलं आहे. सुरुवातीला गिटारची हलकी छेड आणि ड्रमचे मोजके आघात, मधे भरपूर रिकामी जागा. मग ती जागा भरत जाते. झाल्यात (वादनाच्या शेवटच्या जलद भागात) आपण लय वाढवतो, इथे लयीपेक्षा भरणा वाढतो. आधी ज्या अंतरात एक ठोका होता त्यात दोन, मग चार, मग मोजणं सोडून द्यावं लागतं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ड्रमवाला अक्षरशः कोसळतो, आणि तरीही पहिल्या मिनिटाची मूळ चाल खाली तशीच चालू असते. विलंबित अंगाने सुरुवात करून एवढं गाठायचं तर आधीची आठ मिनिटं द्यावीच लागतात. सातवं गाणं ओलांडून आलात तरच आठव्याचं वजन कळतं. सुटं लावलंत तर ते नुसतं मोठ्या आवाजाचं गाणं आहे.

---

खर्ज

इथे नोमतोमचा उल्लेख झाला म्हणून लिहितोय. काही वर्षं ध्रुपद शिकलो आहे, अधिकाराने नाही, शिकाऊ म्हणून सांगतो.

धागाकर्तीच्या वडिलांचं वाक्य मला फार आवडलं, आणि अर्धं मान्य आहे. अर्थ नसलेल्या अक्षरांचं गाणं आपल्याला परकं नाही. ध्रुपदातली आलापी ‘री, त, न, नोम’ यांवर तासभर चालते आणि श्रोता शब्द मागत नाही. तराण्यातही ‘ना दिर दिर दानी’. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं मत वेगळं होतं, तराण्यातल्या अक्षरांना फारसी अर्थ आहे असं ते मांडत आणि त्या दृष्टीने तराणे बांधत. किशोरीताईंचा तर आयुष्यभर आग्रह होता की स्वर शब्दाच्या आधी येतो. तेव्हा वॉनलेन्स्का ऐकून आपल्या घरातल्या माणसाला ओळखीचं वाटलं यात नवल नाही.

मान्य नसलेलं अर्धं असं. आपल्याकडे शब्द काढला की राग उरतो. प्रत्येक स्वर कुठून आला, कुठे थांबला, याचा हिशेब असतो. ( )मध्ये तसा राग नाही. तिथे मोजक्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूरसमूह) फिरत राहतात आणि योन्सीचा उंच, पातळ आवाज त्यांच्यावर तरंगतो. तीच अक्षरं एका कॉर्डवर दिलासा वाटतात, दुसऱ्या कॉर्डवर तीच विनवणी होतात. म्हणजे अर्थ गळ्यात कमी आणि गळ्याखालच्या जमिनीत जास्त आहे. आपण तंबोऱ्याची जमीन पक्की ठेवून स्वर हलवतो. हे लोक जवळपास तोच स्वर धरून ठेवतात आणि जमीन हलवतात. मला हा फरक कळला तेव्हा अल्बम नव्याने ऐकू आला.

पाश्चात्त्य संगीतातही हे पहिल्यांदा होतंय असं नाही. कॉक्टो ट्विन्स या बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर ऐंशीच्या दशकात हेच करत होती, डेड कॅन डान्स या बँडची लिसा जेरार्डसुद्धा. पण सबंध अल्बम असा, आणि वर नावही पुसलेलं, हे धाडस मोठं आहे.

---

सांजपाऊल

खर्ज, काय लिहिलंय! जमीन हलवण्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

---

सहावी तार

गिटारबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझे चार शब्द.

योन्सी गिटार गजाने वाजवतो, चेलोच्या गजाने. ही युक्ती जुनी आहे, लेड झेपलिनच्या गिटारवादक जिमी पेजमुळे सगळ्यांना माहीत झालेली. पण पेजसाठी तो मैफलीतला एक प्रसंग होता, योन्सीसाठी तो रोजचा आवाज आहे. मी स्वतः करून बघितलंय. एका व्हायोलिनवाल्या मित्राचा टाकाऊ गज घेतला, भरपूर राळ घासली, आणि पहिला अर्धा तास नुसती किरकिर. कारण सरळ आहे. चेलोचा किंवा सारंगीचा ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) कमानदार असतो, गज तिरका केला की हवी ती तार एकटी सापडते. गिटारचा ब्रिज जवळपास सपाट. कडेच्या दोन तारा सोडल्या तर मधली तार गजाला एकटी भेटतच नाही, दोन-तीन तारा एकदम घासल्या जातात. त्यामुळे निघतो तो सूर सुटा नसतो, त्याला कडा नसतात. त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकला की तुम्ही ज्याला ढग म्हणता तो ढग तयार होतो. त्यांच्या मैफलीचे व्हिडिओ बघा, गजाचे केस तुटून लोंबत असतात.

सहाव्या गाण्याचं टोपणनाव ‘ई-बो’ आहे. मुठीत मावणारं यंत्र असतं, चुंबकीय क्षेत्राने तार कंप पावत ठेवतं. बोट नाही, गज नाही, तरी सूर तुटत नाही. ते इथे बास गिटारवर वापरलंय. आणि तंतुवाद्यांची चौकडी दिसत नसली तरी आहे. अमीना नावाच्या चार जणी. गिटार कुठे संपते आणि त्या कुठे सुरू होतात हे मला आजही हेडफोनवर सांगता येत नाही.

---

अंगाई

मी संगीतातली जाणकार नाही. धागा वाचून परवा रात्री पहिल्यांदाच ऐकला, म्हणून खरं तर लिहायला संकोच वाटतोय.

माझी लेक नऊ महिन्यांची आहे. ती सध्या दिवसभर बोलते, म्हणजे ‘या या ला, ना ना या’. रात्री साडेअकराला ती मांडीवर, खोलीत अंधार, फोन उशीखाली ठेवून आवाज अगदी कमी केलेला. पहिलं गाणं सुरू झालं. तिने चोखणं थांबवलं, मान वर केली आणि उशीकडे बघून उत्तर द्यायला लागली. गाण्यात खंड पडला की ही बोलायची, आवाज आला की गप्प. तीन-चार वेळा असं झालं. माझ्या अंगावर काटा आला.

कोरडवाहूजी, तुमचा आक्षेप वाचला होता म्हणून सांगते. तिच्या बोलण्यातही हाडं नाहीत. शब्द यायला अजून दोन-तीन महिने आहेत. पण तिला काय हवंय, कशाचा राग आलाय, कोण दिसलं म्हणून आनंद झालाय, हे मला त्या ‘या या ला’मधूनच कळतं. चूक होत नाही माझी.

---

जुनीटेप

अंगाई, हे वाचून सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या गाण्याचं टोपणनाव ‘वाका’ आहे. वाका हे त्यांच्या तेव्हाच्या ड्रमरच्या मुलीचं नाव!

त्या गाण्याचा व्हिडिओ मात्र लेकीसोबत बघू नका. फ्लोरिया सिगिसमोंडीने केलेला आहे. शाळेतली मुलं गॅस मास्क लावून मधल्या सुट्टीत खेळायला बाहेर पडतात आणि आकाशातून बर्फाऐवजी काळी राख पडत असते. २००३ साली त्याला एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार मिळाला. एवढं कोवळं गाणं आणि एवढं भयाण चित्र. मला आजही तो दुसऱ्यांदा बघवलेला नाही.

---

गारठा

उशिरा आलो, पण माझ्याकडे एक गोष्ट आहे जी या धाग्यावर असायलाच हवी.

हा अल्बम जिथे झाला ती जागा मी बाहेरून बघून आलोय. कामानिमित्त डिसेंबरात रेक्याविकला होतो. दिवस उजाडतो अकराच्या पुढे आणि साडेतीनला मावळतो. उजेड असतो तेव्हाही सूर्य क्षितिजावरच रांगत असतो, म्हणजे सगळा दिवस संध्याकाळचाच. एक दुपार मोकळी मिळाली तेव्हा बसने मोस्फेल्सबायरला गेलो, शहराला लागूनच आहे. तिथे आउलाफॉस नावाच्या भागात जुनी लोकरीची गिरणी होती. ओढ्याच्या काठाला १९३०च्या दशकातला एक पोहण्याचा तलाव होता, छप्पर असलेला. तो रिकामा पडला होता, बँडने त्याचा स्टुडिओ केला आणि हा अल्बम तिथे ध्वनिमुद्रित केला. स्टुडिओचं नावच ‘सुंडलॉयगिन’, म्हणजे पोहण्याचा तलाव. पाचव्या गाण्याचं टोपणनाव ‘आउलाफॉस’ तिथूनच आलं.

बघण्यासारखं तसं काही नाही. एक साधी इमारत, बाजूला ओढा, लोकरीच्या स्वेटरांचं दुकान. ओढ्याचं नाव वार्मा, उबदार या अर्थाचं. मी पुलावर उभं राहून हातमोजे काढले, फोन काढला आणि पाचवं गाणं लावलं. बोटं इतकी गारठली की दोनदा फोन हातातून सुटता सुटता राहिला. पण कानात गाणं आणि खाली पाणी, दोन्ही एकदम ऐकू येत होतं. कोरडवाहूंनी विचारलंय की एकाच ढगाखाली किती वेळ उभं राहायचं. तिथली माणसं अख्खा हिवाळा त्या ढगाखाली काढतात. मला उत्तरार्धाची लांबी तिथे कळली. ती तिथल्या डिसेंबराएवढी आहे.

---

कोरडवाहू

सगळ्यांचं वाचलं. विशेषतः अंगाईताईंचं दोनदा.

काल पाऊस लागून राहिला होता, शेतात जाता येईना. दुपारी ओसरीवर बसून उत्तरार्ध पुन्हा ऐकला. गाडीवर नाही, हेडफोनवर नाही, छोट्या स्पीकरवर, समोर पत्र्यावरून धार लागलेली. तिय्या म्हणतात तसं सातवं न टाळता आठव्यावर आलो. मान्य. आठवं गाणं सुटं ऐकायचं नाही हे मान्य. शेवटी ड्रमचा कल्लोळ थांबला तेव्हा पाऊस चालू आहे हे नव्याने कळलं.

सहावं अजूनही मला लांबवलेलंच वाटतं. आणि कवीने शब्द लिहावेत हे माझं मत बदललेलं नाही. मला तुकोबाचा अभंग ऐकताना शब्दच धरायला लागतात, तो माझा पिंड आहे. पण ‘अर्ध्यावर सोडलेलं बांधकाम’ हे मागे घेतो. ओसरी म्हणू. तीही अर्धी उघडीच असते.

---

विलायती चिंच

पुस्तिकेच्या प्रश्नावर कोणी उत्तर दिलं नाही, मी देते. माझ्याकडे मूळ सीडी आहे आणि मी लिहिलं आहे.

अर्थ लिहायचा प्रयत्न सुरुवातीला केला, एक पान भरलं, दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते गाण्यापेक्षा फार लहान वाटलं. खोडलं नाही, राहू दिलं. त्यानंतर मी फक्त तारीख आणि जागा लिहिते. ‘१४ जुलै, दिवा स्टेशन, गाडी थांबलेली.’ ‘३ जानेवारी, आईकडे, गच्ची.’ एवढंच. सगळ्यात लांब नोंद आहे ती अशी : ‘आज चौथ्यापर्यंतच. पुढे नको वाटलं.’ ती वाचली की तो सबंध आठवडा समोर उभा राहतो, त्या वेळी मी लिहिला असता तर इतका राहिला नसता.

पेन्सिलने लिहा, पागोळी. माझ्या पहिल्या पानावरची शाई मागच्या बाजूला उतरली आहे.

---

पागोळी

किती दिलंत सगळ्यांनी. एकेकाला उत्तर द्यायचं तर रात्र पुरणार नाही.

कोरडवाहू, ओसरी हा शब्द माझ्याकडून घ्या, म्हणजे मी तुमच्याकडून घेतला. मोकळी जागा म्हणताना मला हेच म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं. खर्ज, बाबा असते तर त्यांनी तुमच्याशी कडाडून वाद घातला असता आणि मग जेवायला थांबवून घेतलं असतं. अंगाई, लेक मोठी झाल्यावर तिला हा धागा दाखवा.

काल रात्री मावसभावाला फोन केला, तो आता ऑकलंडला असतो. त्याला विचारलं, तू पानं माझी आहेत असं म्हणालास, तुझ्या सीडीत तू काय लिहिलंस? तो म्हणाला, “माझ्याकडे सीडी कुठे होती? एकच घेतली होती, तुला दिली.” ग्लासगोच्या दुकानात हेडफोन लावून पहिली दोन गाणी त्याने उभ्याउभ्या ऐकली होती. बाकीचा अल्बम त्याने पहिल्यांदा आमच्याच घरी ऐकला, सांगलीच्या त्या दुपारी, आतल्या खोलीत पडून. तो जागा होता हे मला माहीतच नव्हतं.

फोन ठेवला आणि पेन्सिल घेतली. पहिल्या पानावर लिहिलं : ‘डिसेंबर २००३, सांगली. बाबा, दादा, मी.’ दुसऱ्या पानाला अजून हात लावलेला नाही.